पश्चिमेच्या खिडक्यांना एरोजेल भरलेली काच लावावी का? (अभ्यासिका, देवळी तालुका)

अभ्यासिका_देवळी

नमस्कार मंडळी. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीची अभ्यासिका करणं सुरू आहे. खोली ३० × २० फूट, वर स्लॅब, ९ इंची विटांच्या भिंती. लांब बाजू नेमकी पश्चिमेला. तिला ४ × ४ फुटांच्या चार खिडक्या, ५ मिमी साधी काच, खिडकीच्या माथ्यालगत २ फुटांचा छज्जा. उत्तरेला दोन लहान खिडक्या आहेत. सध्या एका खिडकीत मोठा कूलर आहे, पुढच्या उन्हाळ्यात २ टनांचा एसी बसवायचा विचार आहे. पोरं दुपारी १ ते ६ बसतात आणि लाईट गेली तरी वाचता आलं पाहिजे, म्हणून खिडक्या बुजवायच्या नाहीत.

विचारायचं असं:
१) दोन काचांच्या मधे सिलिका एरोजेलचे (बहुतांश हवाच असलेला, अगदी हलका उष्णतारोधक पदार्थ) दाणे भरले तर उष्णतेत किती फरक पडेल?
२) दाणे नको, आरपार दिसणारी अख्खी पाटी मिळते का?
३) सच्छिद्र काच म्हणतात ती हीच का?
४) भंडारा-गोंदियाकडं राइस मिलमधे धानाच्या तुसाची राख ढिगानं पडते. त्यातून एरोजेल होते असं वाचलं. आपल्याकडं जमेल का?

---

उष्णतेचा_हिशेब

भाऊ, आधी आकडे मांडू, काच नंतर.

चारही खिडक्या मिळून साधारण ६ चौरस मीटर काच. एकेरी काचेची यू-व्हॅल्यू ५.७ धरा, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर एका चौरस मीटरमधून ५.७ वॅट आत येतात. बाहेर ४४, आत २८, फरक १६ अंशांचा. ६ × ५.७ × १६ = सुमारे ५५० वॅट.

आता ऊन. मे महिन्यात दुपारी ४ वाजता पश्चिमेच्या उभ्या काचेवर ५०० ते ६०० वॅट प्रति चौरस मीटर पडतं. साध्या काचेतून त्यातलं ८२ टक्के आत येतं. ६ × ५५० × ०.८२ = २७०० वॅट. एक टन एसी म्हणजे ३५०० वॅट. म्हणजे तुमच्या २ टनांतला पाऊण टन नुसत्या उन्हातच जातो.

१६ मिमी फटीत एरोजेलचे दाणे भरले तर यू-व्हॅल्यू १ च्या जवळपास येते. ५५० चे १०० वॅट होतील, वाचले ४५०. पण दाण्यांची काच दुधाळ असते, ऊन अडवत नाही, विखुरते. उन्हातली निम्मी उष्णता आत येते असं धरलं तरी १६५० वॅट शिल्लकच. तेच बुरडाकडचा बांबूचा तट्टा खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून फूटभर सोडून टांगला आणि त्यानं ८०-८५ टक्के ऊन अडवलं, तर २७०० चे ४५० च्या आसपास उरतात. एरोजेल ही वहनाची उष्णता थांबवणारी वस्तू आहे. तुमची तक्रार किरणांची आहे.

छज्जावर भिस्त ठेवू नका. २० मेच्या सुमारास आपल्याकडं दुपारी ४ ला सूर्य क्षितिजापासून साधारण ३६ अंशांवर असतो. २ फुटांच्या छज्जाची सावली तेव्हा खिडकीवर जेमतेम दीड फूट उतरते. ५ वाजता सूर्य २३ अंशांवर येतो आणि सावली १० इंचांची होते. दक्षिणेला छज्जा कामाचा, पश्चिमेला आडवं काही लावून उपयोग नाही. उभं लावा.

आणि स्लॅबबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. ५६ चौरस मीटर उघडा स्लॅब, यू-व्हॅल्यू ३ च्या आसपास, गच्चीचा पृष्ठभाग ६० अंश धरला तर हिशेब ५ किलोवॅटच्या घरात जातो. स्लॅब उष्णता उशिरा सोडतो, म्हणून हा मारा नेमका ४ नंतर, पोरं बसली असताना येतो. खिडकीवर पैसे घालण्याआधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग नाहीतर पांढऱ्या फुटक्या टाइल्स.

---

वाळ्याची_ताटी

एक साधी गोष्ट राहून जाते आहे. जोवर कूलर आहे तोवर खिडकी ही भिंत नसते, हवा बाहेर जायचा रस्ता असते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ओल्या पाऱ्याचं तापमान (नुसतं पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जेवढी गार होते ते) साधारण २३ असतं. चांगल्या पॅडचा कूलर त्या फरकातला ८० टक्के कापतो, म्हणजे २७-२८ अंशांची हवा देतो. पण ती हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीत चिकचिक होते आणि पॅड काहून थंड करत नाही म्हणून कूलरला शिव्या बसतात. कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी लागते. उघड्या खिडकीत एरोजेल भरून काय कामाचं? बंद खोली, एसी आणि दारावर पट्ट्यांचा पडदा, असं असेल तरच बोला.

---

जेल_आणि_जाळी

वरचा हिशेब बरोबर आहे. मी पदार्थाबद्दल सांगतो, म्हणजे काय विकत घेता ते कळेल.

एरोजेल म्हणजे सिलिकाचं ओलं जेल, ज्यातला द्रव काढून टाकला पण सांगाडा बसू दिला नाही. १९३१ साली सॅम्युअल किस्टलर यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं. १०० किलो प्रति घनमीटरच्या एरोजेलमधे घन सिलिका साडेचार टक्के, बाकी हवा. पण ती साधी हवा नव्हे. छिद्रं १० ते ५० नॅनोमीटरची, आणि हवेचा रेणू एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत सुमारे ७० नॅनोमीटर जातो. म्हणजे छिद्राच्या भिंतीवर तो आधी आपटतो, दुसऱ्या रेणूला उष्णता द्यायची संधीच मिळत नाही. त्यामुळं स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ असताना चांगल्या एरोजेलची ०.०१५ पर्यंत उतरते. दाण्यांच्या ढिगात मधल्या मोठ्या फटी असतात, तिथं साधीच हवा, म्हणून दाण्यांची ०.०१८ ते ०.०२२. साधी काच १.०. वरचा यू-व्हॅल्यू १ चा आकडा यातूनच येतो: ०.०१६ (१६ मिमी जाडी, मीटरमधे) भागिले ०.०२ म्हणजे ०.८, त्यात दोन्हीकडच्या हवेच्या थरांचा ०.१७ मिळवा, उलटा करा.

प्रश्न २. अख्खी पाटी बनते, पण खिडकीसाठी सहज मिळत नाही, आणि त्याचं कारण सुकवण्यात आहे. जेलमधून पाणी उघड्यावर उडू दिलं तर १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याचा पृष्ठताण सुमारे १४० बारचा ओढा लावतो. सांगाडा चुरतो, हाती येतो आक्रसलेला खडा. अल्कोहोल भरलं तरी ४४ बार. म्हणून द्रव-वायूची सीमाच नाहीशी होईल इतक्या दाबा-तापमानाला नेऊन सुकवतात. कार्बन डायऑक्साइडसाठी ३१ अंश आणि ७४ बार, मिथेनॉलसाठी २४० अंश आणि ८१ बार. या दुसऱ्या रस्त्याचा धोका १९८४ साली स्वीडनमधे श्योबो इथं दिसला. मोठ्या भांड्यातून गळलेल्या मिथेनॉलचा स्फोट होऊन कारखान्याची इमारत गेली. पुढं त्याच देशात सुमारे ६० × ६० सेंमीच्या पाट्या बनल्या. दोन काचांत बसवून आतला दाब कमी केला की १३-१४ मिमी जाडीलाही यू-व्हॅल्यू ०.७ च्या आत येते. त्याहून मोठी पाटी करायची तर भांडं मोठं लागतं, आणि द्रव बदलायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो. १ सेंमीला एक दिवस लागत असेल तर २ सेंमीला चार.

शिवाय ती पाटी 'आरपार' असली तरी काचेसारखी निर्मळ नसते. सांगाड्याचे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर निळसर झाक, उजेडाकडं धरलं की पिवळसर. थेट ऊन पडलं की धुकं चढल्यासारखी दिसते. पश्चिमेच्या खिडकीत रोज दुपारी हेच होईल.

प्रश्न ३. नाही, सच्छिद्र काच वेगळी. बोरोसिलिकेट काच ५०० ते ७०० अंशांवर बराच वेळ ठेवली की आतल्या आत तिचे दोन भाग पडतात. एक सिलिकाचा, दुसरा सोडियम बोरेटचा. बोरेटचा भाग आम्लात विरघळवून काढला की छिद्रांचं जाळं उरतं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीची 'व्हायकॉर' काच याच रस्त्यानं येते. छिद्रं ४ नॅनोमीटरची, पण पोकळी फक्त २८ टक्के. ७२ टक्के घन काच उष्णता वाहतच राहते. गाळणी, संवेदक, प्रयोगशाळा यांच्या कामाची. शिवाय हवेतली ओल आणि तेलाची वाफ ओढून पिवळी पडते. खिडकीसाठी विसरा. फोम ग्लास, म्हणजे बुडबुड्यांनी फुगवलेली काच, ही आणखी तिसरी गोष्ट, अपारदर्शक, पण गच्चीवर घालायला उत्तम.

---

अभ्यासिका_देवळी

लय माहिती दिली, धन्यवाद. एसी नक्की होणार आहे, म्हणून खोली बंद राहील. तट्ट्याचं पटलं. पण चारही खिडक्यांवर तट्टे पाडले तर दुपारी आत अंधार होईल, उत्तरेच्या खिडक्या पुरत नाहीत. त्यासाठी काही?

---

काच_सेक्शन_अमरावती

उपाय तुमच्या छज्जातच आहे. वरच्या हिशेबाप्रमाणं खिडकीचा वरचा एक फूट पावणेपाचपर्यंत सावलीत राहतो. तेवढा पट्टा वेगळा काढा. खाली ३ फूट साधी काच आणि बाहेर वर-खाली होणारा तट्टा, वर १ फूट कायमचा बंद एरोजेलचा पट्टा. त्या पट्ट्यावर पावणेपाचपर्यंत थेट ऊन नाही, पण आभाळाचा उजेड भरपूर, आणि दाण्यांमुळं तो खोलीत खोलवर विखुरतो, पुस्तकावर चकाकी पडत नाही. एरोजेलला इथं त्याचं खरं काम मिळतं.

दुसरा फायदा उंचीचा. दाण्यांच्या काचेची सगळ्यात मोठी खोड म्हणजे दाणे बसणे. दिवसा फटीतली हवा तापून काचा बाहेर फुगतात, दाणे खाली सरकतात. रात्री काचा आत येतात आणि खालचे दाणे चुरतात. असं रोज. ४ फूट उंचीच्या युनिटमधे वर्षा-दोन वर्षांत वर बोटभर रिकामी पट्टी दिसू लागते, आणि तिथून उष्णता बिनदिक्कत जाते. १ फूट उंचीला हे फार कमी.

मी काचेऐवजी १६ मिमीची बहुस्तरीय पॉलीकार्बोनेट (पारदर्शक, चिवट प्लास्टिक) शीट घेईन. आतल्या उभ्या नळ्या दाण्यांना धरून ठेवतात. फासळ्यांतून थोडी उष्णता पळते, यू-व्हॅल्यू १.३ च्या आसपास मिळेल. वानरांनी उडी मारली तरी फुटत नाही, हा आपल्याकडं छोटा मुद्दा नाही.

माल: चार पट्टे ४ × १ फूट म्हणजे दीड चौरस मीटर. १६ मिमीनं २४ लिटर. दाण्यांची ढीग घनता लिटरला ६५ ते ८५ ग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलो. ठोकून बसवण्यात १०-१५ टक्के जास्त जातात, २ किलो मागवा. भाव लिटरवर विचारा, किलोवर सांगत असतील तर घनता विचारून लिटरचा काढा, नाहीतर जड माल स्वस्त वाटतो. दाणे १ ते २ मिमीचे घ्या. ४ मिमीचे दाणे अरुंद नळीत अडकून पूल बांधतात आणि खाली पोकळी राहते.

भरणं असं:
शीट अशी कापा की नळ्या उभ्या येतील. कापलेला भुसा कॉम्प्रेसरनं पूर्ण उडवा, तो आत राहिला की जन्मभर दिसतो. खालच्या तोंडाला बारीक छिद्रांची फिल्टर टेप लावा, वाफ बाहेर पडायला. शीट उभी धरून पत्र्याच्या नरसाळ्यानं तिसरा हिस्सा भरा, बिनकागदाचा ऑर्बिटल सॅंडर (सुताराचं घासायचं यंत्र) फ्रेमला टेकवून मिनिटभर कंप द्या, पुन्हा भरा. तीन-चार फेऱ्यांनंतर रात्रभर उभी ठेवा, सकाळी वरून परत भरा. मग वर सबंध अॅल्युमिनियमची टेप आणि त्यावर यू-चॅनल.

हे काम एप्रिल-मे मधे करू नका. कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज चढते, एरोजेलची धूळ नळीच्या वरच्या भागाला चिकटते आणि दाणे उलटे उडतात. सप्टेंबर बरा. नरसाळ्याला तार बांधून अर्थ केलं तर अजून सोपं जातं. दाणे जलरोधक असतात, हवेतल्या ओलीनं बिघडत नाहीत.

बसवताना शीटवर छापलेली अतिनील-संरक्षित बाजू बाहेर. उलटी बसली तर काही वर्षांत पिवळी पडून तडकते. ४ फूट लांबीची शीट १० ते ७० अंशांत जवळपास ५ मिमी वाढते, म्हणून दोन्ही टोकांना ३-३ मिमी जागा सोडा आणि ईपीडीएम रबराची गास्केट वापरा. आम्लधर्मी सिलिकॉन नको, त्याचा वास व्हिनेगरसारखा येतो; पॉलीकार्बोनेटला न्यूट्रल सिलिकॉनच.

काचच हवी असेल तर दोन्ही बाजूंना ५ मिमी टफन काच, १६ मिमी स्पेसर त्यात मॉलिक्युलर सीव्ह (ओल शोषणारे दाणे), कडा बंद करायला आतून ब्युटाइल, बाहेरून पॉलीसल्फाइड, वरच्या कोपऱ्यात भरायचं भोक. साधी काच यात वापरू नका. छज्जाच्या सावलीची रेघ काचेवर पडली की अर्धी काच गरम, अर्धी गार, आणि कडेपासून तडा जातो. आतून काळी फिल्म चिकटवलेल्या काचांचंही असंच होतं, दुकानदार सांगत नाहीत.

---

पऱ्हाटी_आणि_पत्रा

एवढा खटाटोप कशाला राजेहो? सोलर कंट्रोल कोटिंगची दुहेरी काच लावा, कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. उन्हाचा गुणांक (उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा) ०.३ च्या आसपास मिळतो. तट्ट्याची बुरशी नाही, सुतळी नाही, वानरं नाहीत.

---

उष्णतेचा_हिशेब

चालेल की. ६ × ५५० × ०.३ = ९९० वॅट. तट्ट्यापेक्षा दुप्पट, पण देखभाल नाही. खर्चात मात्र चार मोठ्या युनिटांची तुलना चार तट्ट्यांशी होते. तट्टा २-३ वर्षांनी बदलावा लागेल हे धरूनच सांगतो.

---

जेल_आणि_जाळी

राखेचा प्रश्न राहिला होता. होते, पण खिडकीच्या दर्जाचं घरी होत नाही. रस्ता सांगतो.

तूस जाळल्यावर वजनाच्या सुमारे २० टक्के राख उरते, तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका. राख कशी जळली यावर सगळं अवलंबून. ७०० अंशांच्या आत जळलेली करडी-पांढरी राख अस्फटिकी असते, कॉस्टिक सोड्यात विरघळते. बॉयलरमधे जास्त तापलेली राख स्फटिकी होते. ती विरघळत नाही आणि तिची धूळ फुफ्फुसांना घातक. मिलमधून नमुना आणला की आधी हीच परीक्षा.

राख पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धुवायची, म्हणजे पोटॅशियम-कॅल्शियम-लोह जातं. मग १० ग्रॅम राखेला १ मोलरचा ६० मिली कॉस्टिक सोडा, तासभर उकळायचं, गाळायचं. हाती येतं सोडियम सिलिकेट. ते पातळ करून आम्ल रेझिनच्या स्तंभातून सोडलं की सोडियम निघतं. मग थेंब थेंब अमोनिया घालून सामू ५ च्या आसपास आणला की जेल धरतं. सोडियम राहिलं तर मीठ आत अडकतं आणि दाणे खडूसारखे पांढरे होतात. नवशिक्यांचा पहिला घाणा इथंच बिघडतो. जेल ५० अंशांवर दिवसभर मुरवायचं. न मुरवलेलं जेल पुढं टिकत नाही.

नंतर पाण्याच्या जागी अल्कोहोल, अल्कोहोलच्या जागी हेक्झेन, प्रत्येक बदल दोन-तीनदा. मग ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन. हे छिद्रांच्या भिंतीवरच्या, पाणी ओढणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांना पाणी झटकणाऱ्या मिथाइलची टोपी घालतं. टोपी असली की सुकताना आक्रसलेलं जेल परत फुलतं आणि मोठ्या दाबाच्या भांड्याशिवाय, साध्या ओव्हनमधे सुकतं. खोलीच्या तापमानापासून हळूहळू १५० अंशांपर्यंत. घाई केली की भुगा. पण हे रसायन पाणी लागताच हायड्रोक्लोरिक वायू सोडतं आणि हेक्झेनची वाफ ठिणगीनं पेटते. धूरकक्ष (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, मार्गदर्शकासोबत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागात एअर ग्लास प्रयोगशाळा आहे. सोडियम सिलिकेटपासून साध्या दाबाखाली सुकवलेल्या एरोजेलवर तिथून पुष्कळ शोधनिबंध निघाले आहेत. कॉलेजच्या पोरांना प्रकल्प म्हणून ते आधी वाचायला द्या.

२४ लिटर दाण्यांसाठी हे करणं परवडणार नाही. एक कप करून बघायला मजेदार आहे.

---

अभ्यासिका_देवळी

वरचा पट्टा आणि खाली तट्टा, हेच ठरवतो. विकत आणलेले दाणे खरे की परलाइट (ज्वालामुखीचा खडक फुलवून केलेले हलके पांढरे दाणे), हे कसं ओळखायचं?

---

जेल_आणि_जाळी

काळ्या कागदावर चिमूटभर टाका. एरोजेल अर्धपारदर्शक, निळसर दिसतं. परलाइट पांढरंफटक आणि अपारदर्शक. पाण्याच्या ग्लासात चमच्यानं खाली दाबा. एरोजेल चांदीसारखं चमकतं, कारण भोवती हवेचा थर राहतो, आणि सोडताच कोरडंच वर येतं. परलाइट भिजतं. एक लिटर भरून वजन करा, १०० ग्रॅमच्या वर गेलं तर परत पाठवा. स्पिरिटमधे टाकून बघू नका, त्यात खरं एरोजेलही भिजतं आणि मग तो नमुना गेला समजा. एरोजेलचं ब्लॅंकेट म्हणून पांढरी रजई देतील तीही नको, तिच्यातून उजेड येत नाही.

भरताना एन-९५ मास्क आणि हातमोजे. ही सिलिका अस्फटिकी आहे, दगडखाणीतल्या धुळीसारखी नव्हे, पण हाताचं तेल शोषून कातडी अशी कोरडी करते की दोन दिवस खोबरेल तेल चोळत बसाल.

---

काच_सेक्शन_अमरावती

आणि तट्ट्याची दोरी आतून ओढता येईल अशी घ्या, छज्जाखाली एक पुली, खिडकीच्या चौकटीत भोक. बाहेर जाऊन उघडावा लागणारा तट्टा जूनमधे एकदा वर जातो तो पुढच्या मेपर्यंत खाली येत नाही.